पायाच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताय? मग चपलाही सोबत न्या

"साखर माझी वाढली डॉक्टर, अन् तुम्ही चपला कशाला बघायलात?"

जवळा बाजारच्या एका काकांनी मला विचारलेला हा प्रश्न. साठी ओलांडलेले, पंधरा वर्षांचा मधुमेह, शेती अजून स्वतः बघणारे. पायाबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. काकूंना फरशीवर रक्ताचा ठिपका दिसला, म्हणून त्या त्यांना जबरदस्तीने घेऊन आल्या होत्या. तळवा पाहिला तर अंगठ्याच्या मुळाशी तुरीच्या धसकटाचा तुकडा रुतलेला, भोवती पू. चपलेच्या तळाला त्याच जागी भोक. हिशेब लावला तेव्हा कळलं, धसकट चपलेतून आरपार गेलं त्याला तीन दिवस झाले होते. त्या तीन दिवसांत काका शेतात जाऊन-येऊन होते. दुखलं का, असं विचारलं तर म्हणाले, "दुखलं असतं तर काढलं नसतं का?"

या एका वाक्यात पायाच्या वैद्यकाचा निम्मा इतिहास आहे. पायाच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला तिथले बरेच प्रश्न आणि तपासण्या विचित्र वाटतात. चपला उलट्या करून बघणं, नायलॉनचा धागा टोचणं, डोळे मिटायला लावणं, पाठीमागच्या हाताने पाय चाचपणं. ही प्रत्येक गोष्ट कुणीतरी, कुठेतरी, बऱ्याच पायांची किंमत मोजून शिकलेली आहे. त्यातला मोठा भाग आपल्याच देशात, काही तर आपल्या महाराष्ट्रात घडला. तो माहीत असला की काय घेऊन जायचं आणि काय सांगायचं हे वेगळं पाठ करावं लागत नाही. म्हणून आधी गोष्ट, मग तयारी.

पूर्वी आपल्याकडे पायाचा डॉक्टर म्हणजे कोण? काटा काढायला घरातली म्हातारी आणि तिची सुई. नखं काढायला आणि कुरूप तासायला न्हावी. भेगांना कोकमाचं तेल. काटा आत मोडला तर रुईचा चीक, आणि तळव्यात ठणकायला लागलं की बिब्ब्याचा चटका. यातलं कोकमाचं तेल मला मान्य आहे. बिब्बा अजिबात नाही. तो कातडी जाळतो, आणि ज्याच्या पायाला चटका कळतच नाही त्याला तो किती खोल जाळतो हे मी पाहिलेलं आहे.

आता थोडं मागे जाऊ. १८५८ साली लंडनमध्ये 'ग्रेज ॲनाटॉमी' हे पुस्तक प्रसिद्ध झालं. आजही वैद्यकीय विद्यार्थी ते वाचतात. त्यातली चित्रं हेन्री व्हॅनडाइक कार्टर नावाच्या तरुण डॉक्टरने काढली होती. नाव झालं ग्रेचं. कार्टरला रॉयल्टीसुद्धा मिळाली नाही. त्याच वर्षी तो मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला आणि जे.जे. रुग्णालयात काम करू लागला. पुढे जवळपास दहा वर्षं तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता.

मुंबईत त्याच्यासमोर असे पाय आले जे त्याने इंग्लंडमध्ये पाहिले नव्हते. सुजून बेढब झालेले, अनेक तोंडांनी वाहणारे, आणि त्या पाण्यातून खसखशीसारखे काळे किंवा पांढरट कण बाहेर पडणारे. मदुराईकडच्या डॉक्टरांनी १८४०च्या दशकात या दुखण्याची नोंद केली होती, म्हणून त्याला 'मदुरा फूट' म्हणत. कार्टरने ते पाय कापून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आणि त्यांची चित्रं काढून दाखवलं की ही बुरशी आहे. त्यानेच या रोगाला 'मायसेटोमा' हे नाव दिलं, आणि १८७४ साली त्यावर पूर्ण पुस्तक लिहिलं. रुग्ण कोण होते? बहुतेक अनवाणी राबणारे शेतकरी आणि मजूर. बुरशी मातीत असते, काट्यावर असते; बाभळीचा काटा तिला कातडीखाली पोचवतो आणि मग वर्षानुवर्षं ती आत शांतपणे वाढते. त्या काळी उपाय एकच होता, पाय कापणं. आज औषधं आहेत, तरी उशीर झाला तर ती लांबत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली या आजाराला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. म्हणजे कार्टरनंतर दीड शतकाने!

तेव्हा डॉक्टरांनी "काम काय करता? अनवाणी चालता का? कधी काटा मोडला होता का?" असं विचारलं तर तो गप्पांचा विषय समजू नका. दोन वर्षांपूर्वी मोडलेला काटा आणि आज आलेली न दुखणारी गाठ यांचा संबंध असू शकतो. आठवून सांगा.

मायसेटोमाची गाठ फारशी दुखत नाही. काकांचं धसकटही दुखलं नाही. पण ही दोन न दुखणी वेगळी आहेत. काकांच्या पायातल्या नसा काम करेनाशा झाल्या होत्या. हे न दुखणं काय करतं, ते आपल्याला शिकवलं कुष्ठरोग्यांनी. या भागाशी मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे.

कुष्ठरोगाबद्दल आपल्याकडे शतकानुशतकं समज होता की बोटं "झडतात". रोगाने मांस सडतं, काही करता येत नाही. महाराष्ट्रात या माणसांना जवळ करणारी मोठी परंपरा आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली काम सुरू केलं. सेवाग्रामला गांधीजी परचुरेशास्त्रींची सेवा स्वतःच्या हाताने करत. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन उभं राहिलं, १९४९ साली वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचं आनंदवन सुरू झालं, पुण्यात कोंढव्याला डॉ. जाल मेहतांनी काम केलं. पण बोटं का जातात या प्रश्नाचं उत्तर मिळालं दक्षिणेत, वेल्लोरला.

डॉ. पॉल ब्रँड हा मिशनरी आईबापांचा मुलगा, १९१४ साली तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेला. इंग्लंडमध्ये सर्जन होऊन १९४६ साली तो वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला. पुढच्या वर्षी त्याने चेंगलपट्टूचं कुष्ठरुग्णालय पाहिलं आणि तिथल्या वाकड्या हातांनी त्याची झोप उडवली. त्याने हात-पाय तपासले, छेद घेतले, आणि लक्षात आलं की मांस आपोआप सडत नाही. जखम झाली तर ती इतर कुणाच्याही जखमेसारखी भरते. मग बोटं जातात कुठे? उत्तर शोधायला तो आणि त्याचे सहकारी रुग्णांच्या मागे दिवसभर फिरू लागले. कुणी विस्तवात पडलेला बटाटा हाताने उचलताना दिसला. कुणी फोड आलेल्या पायाने तसाच मैलभर चालत होता. आणि काही जखमा रात्री व्हायच्या, सकाळी बोटाचा तुकडा नसायचा. रात्री पहारा ठेवला तेव्हा दिसलं की उंदीर कुरतडतायत आणि माणूस गाढ झोपलेला आहे. त्यानंतर म्हणे तिथून घरी जाणाऱ्या रुग्णाला सोबत मांजर देत असत. हसू येतं, पण मला तो वैद्यकातला फार शहाणा सल्ला वाटतो.

ब्रँडची स्वतःची एक आठवण आहे. अमेरिकेहून परतताना लंडनमध्ये एका रात्री मोजे काढताना त्याला आपल्या टाचेत काही जाणवेना. सुई टोचली, कळली नाही. रात्रभर तो पडून राहिला. आपल्याला कुष्ठरोग झाला, आता घर, मुलं, काम सगळं संपलं, असा विचार करत. सकाळी पुन्हा सुई टोचली आणि कळ मस्तकात गेली. लांबच्या प्रवासात पाय अवघडून बधिर झाला होता, इतकंच. तो लिहितो की त्या दिवसापासून वेदनेबद्दल त्याला कृतज्ञता वाटू लागली.

त्याचं पुढचं निरीक्षण आपल्या चपलांशी जोडलेलं आहे. मोठा घाव लागत नाही, तरी जखम होते. रोज हजारो पावलं, त्याच एका जागी थोडा थोडा दाब. तुमच्या-माझ्या पायाला तो दाब खुपायला लागला की आपण नकळत चाल बदलतो, लंगडतो, बसतो. बधिर पाय तसं करत नाही. आधी घट्टा येतो, मग घट्ट्याखाली रक्त साकळतं, मग व्रण. म्हणून घट्टा आणि कुरूप हे दिसायला क्षुल्लक असले तरी डॉक्टरांसाठी ते नकाशा असतात. वेल्लोर आणि तिथून जवळ करिगिरीच्या केंद्रात मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला बनू लागल्या. सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमात आजही मिळणाऱ्या 'एमसीआर' चपला त्याच कुळातल्या. त्याआधी १९३०च्या दशकात मद्रास प्रांतात डॉ. जोसेफ खान यांनी कुष्ठरुग्णांच्या तळव्याच्या जखमा प्लॅस्टरमध्ये बंद करून बऱ्या करून दाखवल्या होत्या. ब्रँड १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या कारव्हिलला गेला तेव्हा ही पद्धत सोबत घेऊन गेला. आज जगभर मधुमेही पायाच्या तळव्यावरच्या जखमेला हेच प्लॅस्टर घालतात. तुमच्या डॉक्टरांनी जखमेवर प्लॅस्टर घालायचं म्हटलं तर "हाड कुठं मोडलंय?" म्हणून घाबरून उठू नका. जखमेवरचा भार सगळ्या पायात वाटून देण्यासाठी ते असतं.

आता मधुमेह यात कुठून आला? १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन दिलं गेलं. तोवर साखरेने माणसं लवकर जात. आता ती जगू लागली, आणि पंधरा-वीस वर्षांनी साखरेने नसा आणि रक्तवाहिन्या खाल्लेल्या पायांनी दवाखान्यात येऊ लागली. बोस्टनच्या डॉ. जॉस्लिन यांनी १९३४ साली मधुमेही गँगरीनच्या धोक्यावर लेखच लिहिला. त्यांचं म्हणणं साधं होतं: यातलं बरंच टाळता येतं, पण त्यासाठी पाय बघावे लागतात.

पाय बघावे लागतात, हे वाक्य मी लिहितोय खरं. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही बघत नव्हतो. एका आजींची साखर मी दोन वर्षं तपासत होतो. रिपोर्ट बघायचो, गोळी वाढवायचो, "पथ्य पाळा आजी" म्हणायचो. त्या मोजे घालून यायच्या, कारण पाय गार पडतात म्हणे. एकदाही मी मोजे काढायला सांगितलं नाही. शेवटी त्यांच्या मुलीने वास येतोय म्हणून सांगितलं तेव्हा दोन बोटं काळी पडलेली होती. पुढे ती काढावी लागली. आजी मला काहीच बोलल्या नाहीत. त्यांचे ते मोजे काढायला मला एक मिनिट लागलं असतं.

कुष्ठरोगाची विद्या मधुमेहाकडे आली ती एका धाग्यावरून. जर्मनीत फॉन फ्राय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगवेगळ्या जाडीच्या केसांनी कातडीची जाणीव मोजली. अमेरिकेत सेम्स आणि वाइनस्टाइन यांनी १९६०च्या सुमारास, मेंदूला गोळी लागलेल्या सैनिकांच्या तपासणीसाठी, केसांऐवजी नायलॉनचे धागे वापरले. कारव्हिलच्या मंडळींनी ते कुष्ठरुग्णांच्या तळव्यांवर लावून पाहिले, आणि १९८६ साली बर्क आणि सिम्स यांनी दाखवलं की १० ग्रॅम दाबाला वाकणारा धागा ज्याला कळतो, त्याच्या पायात स्वतःला वाचवण्यापुरती जाणीव शिल्लक आहे. हाच तो धागा, मोनोफिलामेंट. तुमचे डोळे मिटवून डॉक्टर तो तळव्याला टेकवतील आणि "कळलं का?" विचारतील. ही परीक्षा नाही. काहीजण पास व्हायचं म्हणून अंदाजाने "हो" म्हणतात. नाही कळलं तर "नाही" म्हणा, तेच ऐकायला डॉक्टर बसलेत.

आपल्याकडे या विषयाला आकार दिला त्यात मुंबईचे सर्जन डॉ. अरुण बाळ आणि नागपूरचे डॉ. शरद पेंडसे ही दोन मराठी नावं मोठी आहेत. डायबेटिक फूट सोसायटी ऑफ इंडियाच्या उभारणीत दोघांचा हात. डॉ. पेंडसे यांनी टांझानियाच्या डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांच्यासोबत 'स्टेप बाय स्टेप' नावाचा उपक्रम चालवला. त्यात मोठ्या शहरांपलीकडच्या डॉक्टर आणि परिचारिकांच्या जोड्यांना पाय तपासायला शिकवलं गेलं. महागडी यंत्रं नसली तरी डोळे, हात आणि धागा असतो, हा त्यामागचा विचार.

परदेशात 'पोडियाट्रिस्ट' हा पायाचाच वेगळा व्यावसायिक असतो. आपल्याकडे तसा तो सहज सापडत नाही. म्हणून जवळा बाजारसारख्या गावातून निघताना पहिला प्रश्न हाच, की जायचं कुणाकडे? मधुमेह असेल तर मधुमेहतज्ज्ञ किंवा मधुमेही पायाचं काम करणारे सर्जन. टाच, हाड, वाकडं बोट असेल तर अस्थिरोगतज्ज्ञ. चिखल्या, नखाची बुरशी असेल तर त्वचारोगतज्ज्ञ. चालताना पोटऱ्या भरून येत असतील, थांबल्यावर बरं वाटत असेल तर रक्तवाहिन्यांचे सर्जन. कळत नसेल तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून किंवा जिल्हा रुग्णालयातून चिठ्ठी घ्या. परभणी-हिंगोलीची चक्कर वाया जाण्यापेक्षा ते बरं.

पिशवीत काय घ्यायचं? जुनी फाइल, साखरेचे रिपोर्ट, त्यात तीन महिन्यांची सरासरी सांगणारा एचबीए१सी असेल तर उत्तम, किडनीचा क्रिएटिनिन रिपोर्ट, पूर्वीचे एक्सरे. गोळ्यांची नावं पाठ करायची गरज नाही, पाकिटंच आणा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधी दाखवा. एखाद्या औषधाची ॲलर्जी झाली असेल तर सांगा. आणि चपला. घालून आलेल्या नव्हे फक्त, शेतात वापरता त्याही. लग्नाकार्याला घालायचे बूट असतील तर तेही. चपलेचा तळ कुठे झिजलाय, आत खिळा वर आलाय का, बोटाच्या जागी फुगवटा आहे का, हे तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा चपलेकडूनच जास्त नीट कळतं.

आदल्या दिवशी पाय "चांगले" करायला जाऊ नका. लोक डॉक्टरांकडे जायचं म्हणून कुरूप ब्लेडने तासून येतात, कॉर्न कॅप लावतात, तेल चोळतात. बायका नेलपॉलिश लावतात किंवा मेंदी काढलेली असते. मला नखाचा आणि कातडीचा खरा रंग बघायचा असतो. साध्या पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, बस. पँट गुडघ्यापर्यंत वर जाईल अशी घाला. जखमेवर हळद भरली असेल तर लपवू नका. वसमत-हिंगोलीकडे हळद हाताशीच असते, मला माहीत आहे, मी रागावत नाही. पण जखमेत हळद असली की जखमेचा तळ दिसत नाही. बिब्बा, चीक, शेक, जे केलं असेल ते सांगा. तंबाखू आणि बिडीचंही खरं सांगा, कारण पायाच्या रक्तवाहिन्यांचं त्यांच्याशी थेट वैर आहे.

सोबत घरातलं एक माणूस न्या. स्वतःचा तळवा स्वतःला दिसत नाही, आणि दृष्टी अधू असेल तर अजिबातच नाही. पुढे रोज पाय बघायचं काम बहुधा त्याच माणसाला करायचं असतं.

तपासणीत डॉक्टर बोटांच्या बेचक्या बघतील, घोट्याजवळ आणि पायाच्या वरच्या बाजूला नाडी चाचपतील, कंप पावणारा चिमटा हाडाला टेकवतील, हाताच्या पाठीने दोन्ही पायांची ऊब ताडून बघतील. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर आत काहीतरी धुमसतंय. फ्रान्सच्या शार्को यांनी १८६८ साली वर्णन केलेला एक प्रकार आहे: पाय गरम, सुजलेला, लाल, आणि दुखणं मात्र फारसं नाही, आत हाडं मोडत असतात. मधुमेहात तो आढळतो आणि बरेचदा नुसता "मुरगळला" म्हणून चोळला जातो. चोळू नका. त्या पायावर चालूही नका. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात, ते ०.९ पेक्षा कमी आलं तर रक्तपुरवठा कमी आहे असं समजतात.

निघण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा: माझ्या पायाची जाणीव शाबूत आहे का, रक्त नीट पोचतंय का, आणि परत कधी येऊ? जाणीव आणि रक्तपुरवठा दोन्ही ठीक असतील तर वर्षातून एकदा पुरतं. जाणीव गेली असेल तर सहा महिने ते वर्ष, सोबत बोटं वाकडी किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर तीन ते सहा महिने, पूर्वी जखम होऊन गेली असेल तर एक ते तीन महिने.

एक विषय आमच्या भागाचा खास. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी औंढा, जवळा बाजार, परभणी, गंगाखेड करत पंढरीला जाते. तिच्यासोबत, किंवा नरसीच्या नामदेवांच्या पालखीसोबत चालणारे मधुमेही मला दर वर्षी भेटतात. कुणाचा अनवाणी चालायचा नवस असतो. मी नवसाच्या आड येत नाही, पण जाणीव गेलेला पाय तापलेल्या डांबरावर भाजतो आणि कळत नाही, हे सांगतो. वारीच्या महिनाभर आधी पाय दाखवा, नवी चपल वारीत पहिल्यांदा घालू नका, मुक्कामाला रोज सोबत्याकडून तळवे बघून घ्या.

आणि काही वेळा अपॉइंटमेंटची वाट बघायची नसते. बोट काळं-निळं पडलं, पायाला वास यायला लागला, लाली वर चढत चालली, ताप आला, किंवा वर सांगितल्यासारखा गरम सुजलेला पाय असेल, तर त्याच दिवशी निघा, बाजाराचा दिवस असला तरी.

काकांचा पाय वाचला. धसकट काढलं, जखम भरायला दोन महिने लागले, सगळी बोटं जागेवर आहेत. पुढच्या खेपेला ते आले तेव्हा हातात खताची रिकामी पिशवी होती. टेबलावर ओतली तर आत चपलांचे चार जोड, एक काकूंचाही.